पाण्याला वाट देणारे दार

मोटारीच्या दाराची काच खाली करताना ती दाराच्या पोटात उतरते. त्यासाठी बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये, खिडकीच्या खालच्या कडेला, दाराच्या लांबीइतकी फट ठेवावी लागते. काच जेमतेम चार-पाच मिलीमीटर जाड. फट तिच्याहून कितीतरी रुंद. उरलेली जागा फेल्टच्या आणि रबराच्या पट्ट्या झाकतात. पण काच सरकती राहायची, तर या पट्ट्यांनी तिला फार आवळून चालत नाही. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी आत जाणारच, हे दार घडवणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलेले असते. दाराच्या तळाला म्हणूनच लहान भोके असतात आणि आत आलेले पाणी तिथून रस्त्यावर पडते. पाणी अडवायचे किती आणि वाहू द्यायचे किती, याचा हिशेब गेली शंभर-सव्वाशे वर्षे बदलत आला आहे. जुन्या गाडीच्या दारात काचा आणि रबरे पुन्हा बसवणाऱ्याला तो हिशेब ठाऊक नसेल, तर नवे सामान घालूनही पायाखालचा गालिचा ओलाच राहतो.

सरकत्या काचेचे दार मोटारीच्या आधीचे आहे. लंडनमध्ये १८३८ साली लॉर्ड ब्रूम यांच्यासाठी एक बंद घोडागाडी बांधली गेली आणि त्या घडणीच्या गाड्यांना पुढे त्यांचेच नाव पडले. अशा बंद गाड्यांच्या दारात काच लाकडी चौकटीत बसवलेली असे आणि चौकटीच्या खालच्या कडेला कातडी पट्टा जोडलेला असे. पट्टा ओढला की चौकट वर येई. पट्ट्याचे भोक दारावरच्या खुंटीत अडकवले की काच तिथेच थांबे. रेल्वेच्या डब्यांनीही हीच सोय उचलली. चौकटीच्या कडांना कापडाचे किंवा मखमलीचे अस्तर असे. दगडी रस्त्यावर काच खडखडू नये, हे त्या अस्तराचे पहिले काम. पाण्याचा विचार त्यानंतरचा, कारण दार लाकडी होते आणि भिजलेले लाकूड सुकवायला गाडीखान्यात वेळ होता.

पहिल्या मोटारी बहुतेक उघड्याच होत्या. पाऊस आला की कापडी टप ओढायचा आणि बाजूंना पडदे लावायचे. या पडद्यांत बाहेरचे दिसावे म्हणून अभ्रकाचे किंवा सेल्युलॉइडचे तुकडे शिवलेले असत. सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे, घडीवर तडकत जाई आणि काही वर्षांत त्यातून रस्ता अंदाजानेच पाहावा लागे. बंद गाडी ही तेव्हा पैसेवाल्यांची चीज होती. हे चित्र अमेरिकेत फार झपाट्याने पालटले. १९१९ मध्ये तिथे विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी जेमतेम एक बंद असे. १९२७ पर्यंत दहापैकी आठांहून अधिक बंद होत्या. हडसन कंपनीने १९२१ मध्ये एसेक्स ही साधी, पेटीसारखी बंद गाडी स्वस्तात बाजारात आणली आणि काही वर्षांतच तिची किंमत उघड्या गाडीच्याही खाली आणून दाखवली. दाराची काच आणि तिच्याभोवतीच्या पट्ट्या लाखोंनी घडवाव्या लागल्या त्या तेव्हापासून.

लाखोंनी निघणाऱ्या गाड्यांना कातडी पट्टा चालणारा नव्हता. त्याच्या जागी हँडल फिरवून चालणारे यंत्र आले. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला सरळ ‘काचेचे मशीन’ म्हणतात. रचना साधी आहे. हँडलच्या दांड्यावर लहान दातेरी चक्र, त्याला जुळणारा दातेरी पंखा, पंख्याला जोडलेला लांब हात आणि हाताच्या टोकाला एक रोलर. हा रोलर काचेच्या खालच्या कडेला बसवलेल्या पोलादी पन्हळीत सरकतो आणि काच वर-खाली होते. खरी करामत आहे ती ब्रेकची. काचेचे वजन सतत खाली ओढत असते, तरी हँडल सोडल्यावर ती घसरता कामा नये. यासाठी एका डब्यात गुंडाळीची स्प्रिंग बसवली जाते. हँडलकडून जोर आला की स्प्रिंग आकसून सैल होते. काचेकडून जोर आला की ती फुगून डब्याच्या भिंतीला घट्ट धरते. १९२०च्या दशकात अमेरिकेत आणि जर्मनीत ही यंत्रे कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघू लागली. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीत मशीनचे दाते झिजलेले सापडतात, हाताचा रिव्हेट ढिला झालेला सापडतो, पण ही स्प्रिंग बहुधा शाबूत असते.

यंत्र आले तशी काचेभोवतीची लाकडी चौकट गेली. काच आता उघड्या कडेने, दाराच्या चौकटीतल्या पत्र्याच्या खाचेत सरकू लागली. काच आणि पत्रा एकमेकांना लागू नयेत म्हणून खाचेत वळणारी पट्टी घातली गेली: आत लवचीक पोलादी कणा, वरून फेल्ट किंवा मखमलीसारखे केसाळ कापड. घोडागाडीच्या चौकटीचे अस्तरच इथे वेगळ्या रूपात परतले. फेल्ट काचेला ओरखडा पडू देत नाही आणि खडखड थांबवते. मात्र ते पाणी शोषून धरते आणि आतला पोलादी कणा गंजवते. जुन्या दारातून ही पट्टी काढताना ती अखंड निघेल अशी अपेक्षा कोणी धरत नाही.

समोरच्या कोपऱ्यातली त्रिकोणी काच हा या इतिहासातला सर्वांत रंजक आणि पुढे बसवणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा भाग. बंद गाडीत चार माणसे बसली की काचांवर वाफ धरे आणि सिगारेटचा धूर कोंडे. मोठी काच उघडावी तर वारा आणि पाऊस अंगावर. जनरल मोटर्सने १९३३ च्या गाड्यांत यावर तोड काढली. दाराच्या पुढच्या भागात एक लहान काच उभ्या कण्यावर फिरेल अशी बसवली. ती थोडी तिरकी केली की धावत्या गाडीचा वारा आतली हवा बाहेर ओढून घेई. पुढली तीन दशके ही काच जगभरच्या गाड्यांत राहिली. भारतात अँबॅसडर आणि फियाटच्या पुढच्या दारातली तिरकी काच हाच कित्येक घरांचा उन्हाळ्यातला वारा होता. तिची गोम अशी की एका हाताच्या पंज्याएवढ्या काचेला तीन बाजूंनी तीन तऱ्हांनी रबर लागते, वर आणि खाली फिरणारी खुंटी लागते, आणि मागे मोठी काच सरकते तो उभा दांडाही तिनेच सांभाळायचा असतो.

काच स्वतः कशी बदलली, हे थोडक्यात सांगितलेले पुरे. एडुआर बेनेडिक्टस या फ्रेंच चित्रकार-रसायनज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. त्यावरून दोन काचांमध्ये पापुद्रा चिकटवण्याचे पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतले. फोर्डच्या १९२७ अखेरीस आलेल्या मॉडेल ए गाडीची पुढची काच अशीच होती. पापुद्रा काही वर्षांत पिवळा पडे. तो दोष पुढे दुसऱ्या प्लास्टिकांनी गेला. दाराच्या काचांसाठी दुसरा मार्ग निघाला: काच तापवून एकदम थंड करायची, म्हणजे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि फुटली तरी बोथट दाण्यांत फुटते. ही कल्पना फ्रान्समध्ये १८७४ पासून ठाऊक होती, पण मोटारीत ती १९३०च्या सुमारास रुजली. अशी कडक केलेली काच नंतर कापता येत नाही आणि तिची कड घासताही येत नाही. म्हणूनच जुन्या गाडीसाठी नवी काच करून घेताना आधी पुठ्ठ्याचा साचा काढून, साध्या काचेचा तुकडा दारात फिरवून पाहून, मगच काच भट्टीत पाठवतात. एका बाबतीत नशीब थोर म्हणायचे. वक्र काचेचे दार १९५७ च्या इम्पीरियल गाडीपासून आले. तोवरच्या गाड्यांच्या दारांच्या काचा सपाट आहेत आणि सपाट काच साध्या कारखान्यातही घडते. पिल्किंग्टनने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. त्याआधीच्या ओढून काढलेल्या काचेतून पाहिले तर खांब किंचित लहरतात. काही मालक ती लहर जपण्यासाठी ओरखडे पडलेली मूळ काचच परत घालतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही.

रबराची गोष्ट काचेहून कटकटीची आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ केले आणि १८४४ मध्ये पेटंट घेतले. मोटारीच्या दारांना प्रथम हेच नैसर्गिक रबर लागले. ते मऊ, लवचीक, दाबले की परत फुलणारे, पण उन्हात आणि हवेतल्या ओझोनमध्ये टिकत नाही. ताणून बसवलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात आणि काही वर्षांत ते भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुटू लागते. ड्यू पॉन्टचे निओप्रीन १९३०च्या दशकात आले, ते तेलाला आणि हवेला दाद देत नव्हते, पण महाग होते. १९६०च्या दशकात इपीडीएम हे कृत्रिम रबर बाजारात आले. ओझोन ज्या दुहेरी बंधांवर हल्ला करतो ते त्याच्या मुख्य साखळीत नसतातच. आजची दाररबरे बहुतेक त्याचीच असतात. फक्त खनिज तेलाने ते फुगते, आणि रबर सरकावे म्हणून ग्रीस किंवा डिझेल लावायची सवय गॅरेजांतून अजून गेलेली नाही. साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन हेच काम जास्त चांगले करते.

मुंबईत हा सगळा इतिहास तयार खोक्यांतून आला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, फोर्डने थोड्याच काळात मुंबईत तेच केले. स्वातंत्र्यानंतर सरकारने नुसती जुळवणी नको, निर्मिती करा, असा आग्रह धरला तेव्हा दोघांनीही काढता पाय घेतला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मात्र कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटशी करार करून गाड्या काढणे चालू ठेवले. १९५३ मध्ये युरोपात आलेली फियाट ११०० पुढे कुर्ल्यातून निघू लागली आणि तिच्या फुगीर नाकामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिची पुढची दारे उलटी उघडत, म्हणजे बिजागऱ्या मागे, मधल्या खांबावर. मागच्या दारांच्या बिजागऱ्याही त्याच खांबावर. परिणामी त्या खांबाचा पाया गंजून जरासा जरी बसला, तरी एका बाजूची दोन्ही दारे एकदम वाकडी होतात आणि कितीही चांगले रबर घातले तरी ते एका कोपऱ्यात दबते, दुसऱ्यात उघडे राहते. १९६४ पासून सुलट दारांची ११०० डी आली. १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी झाले.

ही गाडी इटलीतल्या तुरीन शहरात आखलेली. तिथे वर्षभरात हजार मिलीमीटरच्या आत पाऊस पडतो. मुंबईत दोन हजारांहून अधिक पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाऱ्या हवेची भर वेगळीच. दाराच्या तळाची भोके चिखलाने आणि पानांच्या चुऱ्याने बुजत, पाणी तुंबे आणि पत्रा आतून खाल्ला जाई. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावणाऱ्या याच गाडीच्या दाराचा खालचा वीतभर भाग हा डेंटरच्या नेहमीच्या कमाईचा होता. आयातीवर निर्बंध असल्याने रबरे, फेल्ट, काचेची मशीने हे सारे देशातच तयार होऊ लागले. टॅक्सीवाल्याला पुढल्या पावसाळ्यापर्यंत टिकणारे स्वस्त रबर हवे होते. त्यामुळे एकाच गाडीच्या रबराचे अनेक नमुने बाजारात फिरत राहिले, जाडीला थोडे कमी, थोडे अधिक. कुर्ल्याचा सीएसटी रोड, मुंबईचा चोर बाजार, पुण्याची नाना पेठ येथे आजही हे नमुने निघतात. मूळ तुकड्याचा काप शेजारी धरून पाहिल्याशिवाय त्यातला कोणताही घेऊ नये.

पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सींसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्यांचे जग वेगळे आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू लागली. अट ही की सांगाडा, कवच आणि इंजिन यांत मूलभूत फेरफार नकोत. काच बदलताना दुसरा एक नियमही आड येतो. मोटार वाहन नियमांनुसार दारांच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. ऐंशीच्या दशकात हौसेने चढवलेली फिल्म म्हणून खरवडावीच लागते.

आता जोडणी. तिची सुरुवात काचेपासून होत नाही, दाराच्या टांगणीपासून होते. रंग देण्याआधीच दार बिजागऱ्यांवर चढवून, कुलपाचा खिट्टा जागेवर लावून, चारही बाजूंची फट सारखी करून घेतात. नंतर रंगवलेल्या दारावर हे करायला गेले की कडा खरवडल्या जातात. रंग वाळला की तळाची भोके तारेने मोकळी करायची, कारण प्रायमर आणि सीलंट हमखास त्यांत बसतात. मग पोटात मेणयुक्त गंजरोधक फवारायचा.

सर्वांत आधी मशीन आत जाते, ग्रीस लावून, बोल्ट सैल ठेवून. मग चौकटीत फेल्टची पट्टी. तिचा कोपरा हाताने वाकवून काच घालून पाहिल्याखेरीज ती चिकटवायची नाही, कारण नव्या पट्टीचे केस दाट असतात आणि काच पहिल्या दिवशी अडते. त्रिकोणी काच चौकटीसकट, रबर आधीच चढवून, साबणाच्या पाण्याने वरून सरकवत बसवतात. तिचा उभा दांडा तूर्त सैल ठेवायचा. मोठी काच बाहेरच तिच्या पोलादी पन्हळीत रबराची पातळ पट्टी घालून लाकडी हातोड्याने हलके ठोकून बसवतात. पन्हळ काचेच्या कोणत्या टोकापासून किती अंतरावर होती, हे ज्याने उघडताना मोजून ठेवलेले असते तोच खरा अनुभवी कारागीर. एक सेंटीमीटर चुकले तरी काच वर जाताना तिरकी होते आणि मशीनवर दोष जातो.

खिडकीच्या खालच्या कडेच्या, काचेला बाहेरून आणि आतून पुसणाऱ्या पट्ट्या यानंतर. त्या क्लिपांवर बसतात आणि क्लिपा सैल असल्या तर पहिल्याच वेळी काच खाली करताना पट्टी काचेबरोबर पोटात जाते. मग काच वरून उतरवून रोलर पन्हळीत घालायचा, काच पूर्ण वर नेऊन चौकटीत नीट बसली की मशीनचे बोल्ट आणि त्रिकोणी काचेचा दांडा घट्ट करायचा. वर नेऊनच आवळायचे, खाली नाही, हा नियम सगळ्या गॅरेजांत एकमताने मानला जातो.

यापुढचा टप्पा लहान दिसतो आणि सर्वाधिक वेळा वगळला जातो. दाराच्या आतल्या पत्र्यावर, आतल्या पॅडच्या पाठीमागे, एक पडदा चिकटवायचा असतो. पूर्वी तो डांबरी कागदाचा असे, आता प्लास्टिकचा असतो. त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या पोटात खोचायची, म्हणजे काचेवरून आत आलेले पाणी परत पोटातच उतरते आणि भोकांतून बाहेर जाते. पडदा नसेल, तर तेच पाणी पॅडच्या पुठ्ठ्यात शिरते, पुठ्ठा फुगतो आणि गालिचा भिजतो. दोष मात्र बाहेरच्या रबराला दिला जातो आणि तेच पुन्हा बदलले जाते. मग पॅड, मग हँडल, नालाच्या आकाराच्या क्लिपने किंवा आरपार पिनने.

दार आणि कवच यांच्यामधले मोठे रबर शेवटी. ते खेचून चिकटवायचे नाही. ताणलेले रबर आठवड्याभरात आक्रसते आणि कोपऱ्यात तोंड उघडते. सांधा नेहमी खालच्या कडेला ठेवायचा, वर किंवा पुढे नाही. नवे रबर मूळ रबराहून कडक असल्याने दार आधी जोरात आपटावे लागते आणि मालकाला काळजी वाटते. खिट्टा थोडा बाहेर सरकवून काही आठवडे तसाच ठेवला की रबर बसते आणि खिट्टा परत आत घेता येतो. दाब सगळीकडे सारखा आहे का, हे कागदाची पट्टी दारात धरून ती ओढून पाहून तपासतात. शेवटी पाण्याचा पाइप छतावर धरतात. आत बसलेला माणूस पायाशी ओल शोधतो. बाहेरचा माणूस खाली वाकून दाराच्या तळाकडे पाहतो आणि चारही दारांच्या भोकांतून पाणी टपकू लागले की पाइप बंद करतो.